बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

२९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधील वाँटेज या गावी पंडिता रमाबाई आणि त्यांची चिमुरडी मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडे रमाबाईंच्या धर्मांतराची गोष्ट बहुधा या तारखेपाशी संपते. खुद्द रमाबाईंच्या लेखी मात्र त्या दिवशी धर्म बदलला होता, एवढेच. श्रद्धा म्हणावी असे जे काही असते, ते त्यांना गवसायला आणखी आठ वर्षे लागली. हा थ्रेड त्या आठ वर्षांविषयी.

आधी थोडे मागे जाऊ. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पुराणिक. सारे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थक्षेत्रे पायी फिरत असे. पुराणे सांगावीत, मिळेल ते दानधर्मात घालावे, व्रते-उपवास करावेत आणि देव प्रसन्न होण्याची वाट पाहावी. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. कर्मकांडाचा हिशेब रमाबाईंनी ग्रंथांतून नव्हे, घरातून शिकला होता. पुढे त्यांनी विचारलेल्या प्रत्येक धार्मिक प्रश्नामागे मला ही भूक उभी दिसते.

इंग्लंडमध्ये दोन गोष्टींनी त्यांना ख्रिस्ती धर्माकडे वळवले. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा देत होत्या. ते पाहून त्या हेलावल्या. दुसरीकडे नीळकंठशास्त्री, अर्थात फादर नेहेम्या गोरे, यांच्या पत्रांतील युक्तिवादाने त्यांच्या बुद्धीचे समाधान झाले.

आणि मग भांडणे सुरू झाली.

ज्यांना रमाबाई मायेने ‘आजीबाई’ म्हणत, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार जरूर वाचावा. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका घेतात. शाकाहार सोडत नाहीत; सिस्टरांना त्यात जुन्या जातिअभिमानाचा अंश दिसतो. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, माझ्या देशबांधवांना समजेल अशी संस्कृत अक्षरे का नकोत, असे रमाबाई विचारतात. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार, हे कळल्यावर मुंबई आणि लाहोरचे बिशप हरकत घेतात. त्यावर रमाबाईंचा संताप उसळतो.

इथे जेराल्डीन यांना खलनायिका ठरवणे फार सोपे आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मीही तेच केले होते. पण त्यांच्या अँग्लिकन परंपरेत संस्कारविधी आणि चर्चचे आज्ञापालन हे श्रद्धेवर चढवलेले कवच नव्हते. श्रद्धेचे ते शरीरच होते. जी स्त्री आज्ञा मानत नाही, ती मनापासून ख्रिस्ती कशी, हा त्यांचा प्रामाणिक पेच होता. रमाबाईंचा पेच नेमका उलटा: सदसद्विवेक गहाण टाकून स्वीकारलेली गोष्ट श्रद्धा कशी? आणखी एक गंमत लक्षात घ्या. ही पत्रे आज आपल्यासमोर आहेत, ती जेराल्डीन यांनीच जपून एकत्र केली म्हणून. १९७७ मध्ये ती मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हॅस्लम कॉर्नवॉलमधील बाल्ढू येथे चर्च चालवत होता. १८५१ मध्ये व्यासपीठावरून प्रवचन करता करता त्यालाच उमगले, की आजवर आपण इतरांना जे सांगत आलो, ते आपल्याला स्वतःला कधी लाभलेलेच नाही. श्रोत्यांतला एक जण ओरडला, की पाद्रीबाबाच पालटला! रमाबाईंना या आरशात आपला चेहरा दिसला असावा. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आपण बुद्धीने पटवून घेऊन एक धर्म पत्करला होता. तो धर्म ज्याच्यामुळे जिवंत आहे, त्या ख्रिस्ताची भेट मात्र राहून गेली होती. ती १८९१ च्या सुमारास झाली.

लक्षात घ्या, हा निवाडा त्या दुसऱ्या कोणावर देत नाहीत, स्वतःवर देतात. श्रद्धेच्या इतिहासात असे आतून दिलेले पुरावे कमी सापडतात.

आतला हा बदल बाहेर महाग पडला. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत; काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघड्या दारावरून पुण्यात एवढे वादळ उठावे, याचे आज हसू येईल. पण रानड्यांची तक्रार खोटी नव्हती. तटस्थतेचे वचन दिलेले होते. प्रश्न असा, की नव्याने पेटलेल्या माणसाने दार लावून प्रार्थना करावी, ही अपेक्षा कितपत टिकणारी होती?

१९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुनरुज्जीवनाची लाट आली. मुली मोठमोठ्याने रडत, एकाच वेळी आवाज चढवून प्रार्थना करीत. पाश्चात्त्य मिशनऱ्यांपैकी काहींना तो उन्माद वाटला. म्हणजे बाह्य चिन्हांवरून अंतरंग तोलण्याचा खेळ पुन्हा सुरू, फक्त या वेळी रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या होत्या.

त्यांची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्यात गेली. छपाईचे कामही मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. क्रूसावर संस्कृत अक्षरे हवीत म्हणून भांडलेल्या या पंडितेने त्या भाषांतरात मात्र जड संस्कृत शब्द शक्य तेथे टाळले आहेत. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला ते कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे, एवढीच त्यांची अट होती.