खताच्या खड्ड्यातली विद्या

या व्यासपीठावर आजवर पदवीधर विद्वान बोलून गेले. आमचे शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे जे काही मिळाले ते कामगारांच्या सभा आटोपल्यावर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्रीय संशोधनाविषयी आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण विषय खताचा आहे, आणि कडेगावकरांना त्याची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही.

उकिरडा कोणी पाहिला नाही? शेण, चुलीची राख, गुरांनी टाकलेली चघळ, सारे एका खड्ड्यात जाते. बराचसा कस उन्हात उडून व पावसात वाहून जातो. या नुकसानीचा कसून विचार झाला तो होळकरांच्या इंदुरात. १९२४ साली तेथे शेतीसंशोधनाची एक संस्था निघाली. मूळ काम कापसाचे. प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रातल्या. रसायनाची बाजू यशवंत वाड यांच्याकडे. चीन-जपानचे शेतकरी काडीकचरा कसा जिरवतात याचे किंग नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने केलेले वर्णन १९११ सालीच छापून आले होते. इंग्लंडात रोथॅमस्टेडला पेंढ्यावर रसायने टाकून खत करण्याची युक्ती १९२१ साली निघाली होती. इंदूरकरांनी विकतच्या रसायनाऐवजी गोठ्यातले शेण व मूत घेतले. एका खड्ड्यासाठी किती विद्या एकत्र आल्या पाहा!

कृती अशी. पऱ्हाटी व तूरकाट्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या रस्त्यावर पसरायच्या, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाके त्यांचा चुरा करतात. तो चुरा रात्री बैलांखाली अंथरायचा. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल खड्ड्यात थर द्यायचे : काडीकचरा, शेण, मुताची माती, राख, आणि पाणी. कुजवणारे सूक्ष्म जंतू कर्ब खातात, पण त्यांना नत्रही लागते. सुमारे ३३ भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण इंदूरला धरले होते. ढीग इतका तापतो की आत हात ठेववत नाही. पाणी फार झाले की हवा कोंडते, घाण सुटते, माशा होतात. कमी पडले की काम थांबते. म्हणून ढीग तीनदा उलथायचा. तीन महिन्यांत खत तयार.

हे सारे १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावांनी पुस्तकरूपाने निघाले. पुढे जगभर नाव झाले ते हॉवर्डांचे. वाड हे आडनावावरून आपल्यातलेच वाटतात, पण आम्हांला ते भेटले मुखपृष्ठावरच; खतावरच्या मराठी व्याख्यानांत त्यांचा उच्चार आम्ही कधी ऐकला नाही.

आमचे लक्ष वेधले ते आणखी एका गोष्टीने. 'तीनदा उलथायचा' हे लिहायला दोन शब्द पुरतात. उलथतात ती माणसे. इंदूरच्या संस्थेने मजुरांचे कामाचे तास, मधली विश्रांती आणि ठरल्या दिवशी पगार यांकडे शेतीच्या प्रयोगाइतकेच लक्ष दिले होते.

आमच्या संघटनेत सफाई कामगार आहेत. एका नगरपालिकेच्या खत डेपोवर न निवडलेला कचरा येई. दाताळे अडले म्हणून एका बाईने हात घातला आणि तळवा काचेने फाटला. हातमोज्यांसाठी आम्ही अकरा अर्ज केले. ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याची सक्ती २०१६ च्या नियमांनी आली. पण काचेचा तुकडा कोणाच्या घरचा हे डेपोवर कसे कळणार? डेपोचे खत शेतकरी घेत नाहीत अशी ओरड होती. काच-प्लॅस्टिक मिसळलेले खत शेतकऱ्याने का घ्यावे?

आपल्या तालुक्यात टेंभूचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसामागून पाचट आले. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडे. नुसते पडले तर लवकर कुजत नाही. म्हणून काडी लावली जाते. शेतकऱ्याला आम्ही दोष देत नाही. पाचट गोळा करून उलथायला मजूर कोठून आणायचे आणि त्यांना काय द्यायचे, हा त्याचा प्रश्न खरा आहे. अलीकडे काही जण ट्रॅक्टरमागे कुट्टी यंत्र लावून पाचट जागच्या जागी बारीक करतात, त्यावर युरिया व कुजवणारे जंतू टाकून सरीतच मुजवतात. इंदूरच्या रस्त्यावरची गाडीची चाके ती हीच.