ना. म. जोशी आणि अडून राहिलेला प्रसूतिभत्ता

चिंचपोकळी स्थानकाच्या पश्चिमेकडून लोअर परळकडे जाणाऱ्या जुन्या डिलाईल रोडला आज ज्यांचे नाव आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांची कायदेमंडळातील कारकीर्द बरीचशी वाट पाहण्यात गेली. 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात, म्हणजे कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळींनी व्यापलेल्या मध्य मुंबईत, काम उभे करणारे जोशी 1921 मध्ये कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती विधानसभेत आले, परंतु ते लोकनियुक्त नव्हते, सरकारनियुक्त होते; आणि ज्या सभेत 26 सरकारी अधिकारी बसत, तिथे कामगारवर्गाची बाजू मांडण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्याच्या जागेवर होती.

त्यातही त्यांचा मार्ग बिनसरकारी विधेयकाचा, म्हणजे सरकारबाहेरच्या सदस्याने स्वतःच्या जबाबदारीवर मांडलेल्या विधेयकाचा होता. अशा कामकाजासाठी अधिवेशनात मोजके दिवस राखलेले असत आणि ते सरले की पुढच्या अधिवेशनाकडे डोळे लावून बसावे लागे. कामगार संघटनांना नोंदणी व कायदेशीर संरक्षण मिळावे हा जोशींचा ठराव सभेने मार्च 1921 मध्ये स्वीकारला, तरी कायदा संमत व्हायला 1926 उजाडले.

प्रसूतिभत्त्याची, म्हणजे बाळंतपणाच्या रजेत बुडणाऱ्या मजुरीच्या भरपाईची, कथा याहून दुःखद आहे. 1919 च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने, जिथे जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते, बाळंतिणीला बारा आठवड्यांच्या विश्रांतीचा हक्क मान्य केला होता. इकडे वाइंडिंग व रीलिंग खात्यांत सूत गुंडाळणाऱ्या बायकांना कामाच्या नगावर मजुरी मिळे, त्यामुळे घरी राहिलेला प्रत्येक दिवस उपासाचा ठरे. आणि आई गिरणीत असताना तान्ह्या मुलाने दिवसभर निपचित पडून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल चाळींतून सर्रास होती. जोशींनी 1924 मध्ये यासंबंधीचे विधेयक मध्यवर्ती सभेत मांडले, पण ते फेटाळले गेले. मजुरांच्या वस्तीपासून इतक्या दूर बसलेल्या सभेला या प्रश्नाची निकड जाणवली नाही, असेच म्हणावे लागते.

दिल्लीत जे अडले ते अखेर मुंबईत सुटले. रा. सा. आसवले यांनी प्रांतिक कायदेकौन्सिलात असेच विधेयक आणले, तेव्हा परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जुलै 1928 मध्ये त्याला पाठिंबा देताना, आईची विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याने तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडू नये, अशी भूमिका घेतली. 1929 मध्ये झालेला मुंबई प्रांताचा हा कायदा देशातील या विषयावरचा पहिला कायदा होय.

जोशी ज्या कामगारविषयक रॉयल कमिशनचे सदस्य होते, त्याने 1931 च्या अहवालात अन्य प्रांतांतही प्रसूतिभत्त्याचे कायदे व्हावेत अशी शिफारस केली. खाणकामगार स्त्रियांसाठी मध्यवर्ती कायदा 1941 मध्ये आला. सर्वसाधारण मध्यवर्ती कायदा मात्र 1961 मध्ये झाला, तेव्हा जोशींना जाऊन सहा वर्षे लोटली होती आणि ज्यांच्यासाठी त्यांनी ते पहिले विधेयक मांडले होते, त्या बायकांची संख्या मुंबईच्या गिरण्यांतून झपाट्याने घटली होती.