आंब्याची डाळ, पन्हे आणि सिन्नरचा चैत्र

चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा लहानशा झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखितीला, तिथून उतरते. हा महिना चैत्रगौरीचा. महाराष्ट्रातल्या इतर गावांप्रमाणे सिन्नरमध्येही या महिन्यात सोयीचा एखादा मंगळवार किंवा शुक्रवार धरून घरोघर हळदीकुंकू होते. आलेल्या बायकांना आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे आणि ओटीत भिजवलेले हरभरे मिळतात. दिवस घरच्या बाईने ठरवायचा, बोलावणे तोंडी करायचे, पाहुणीने उभ्याउभ्या येऊन गेले तरी चालते आणि स्वयंपाकाचा घाट घालावा लागत नाही. उन्हाळ्यात एकमेकींकडे जाण्यायेण्याची इतकी सुटसुटीत रीत मराठी घरांत दुसरी नाही.

सिन्नर नाशिकच्या आग्नेयेला सुमारे तीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागाला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही. वावी आणि नांदूरशिंगोट्याच्या बाजूची गावे उन्हाळ्यात पाण्याकडे डोळे लावून बसतात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. अशा मुलखात दारी आलेल्याला गार पाणी देणे हाच मोठा पाहुणचार. पन्ह्याचा इतिहास या पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

कोरड्या हवेचा एक फायदा सिन्नरला झाला. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता निघून जाते. हवेत आधीच दमटपणा असेल तर वाफ धरत नाही. म्हणून कोकणात माठाचे पाणी तितकेसे गार होत नाही. पठारावर मात्र चैत्रातल्या दुपारी वारा लागेल अशा जागी, वाळूच्या आळ्यात ठेवलेल्या माठाचे पाणी दात शिवशिवतील इतके गार होते. त्यात वाळ्याची जुडी सोडली की वासही येतो. बर्फ या भागात पोहोचण्यापूर्वी शतकानुशतके पन्हे गार व्हायचे ते असे.

सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. सेऊणचंद्राने वसवलेले सेऊणपूर ते हेच, असे मानले जाते. देवगिरी बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम पाचव्याच्या काळात नावारूपाला आली. त्याआधी या घराण्याचा कारभार सिन्नरच्या परिसरातून चाले. गोंदेश्वराचे पंचायतन मंदिर त्या वैभवाची साक्ष देत अजून उभे आहे. यादव तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते आणि त्याच चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर तिसऱ्याने, इ.स. ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत त्याने अन्नाइतकेच पाण्यालाही स्थान दिले. पाणी कुठले घ्यावे, ते निर्मळ आणि सुवासिक कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. राजवाड्यातली ती रीत सिन्नरच्या घराघरांत होती असे म्हणता येणार नाही. पण पाणी सुगंधी करून पाहुण्यापुढे ठेवण्याची कल्पना या मुलखात किती जुनी आहे, ते त्यावरून कळते. ‘पन्हे’ हा शब्दही संस्कृत ‘पानक’ या शब्दाचाच घरगुती अवतार आहे.

पुढे यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. व्रते आणि दाने यांचा तो मोठा कोशच आहे. १७९० मध्ये पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधू’ लिहिला. चैत्र शुद्ध तृतीयेला शिवासह गौरीची पूजा करून महिनाभर तिला झोपाळ्यात झुलवावे, असे त्यात सांगितले आहे. चैत्रात पाणपोई घालण्याचे पुण्यही धर्मशास्त्राच्या ग्रंथांनी सांगितले आणि ज्याला ती परवडत नाही त्याने रोज एक भरलेला घडा दान द्यावा, अशी सोयही ठेवली. झोपाळ्यातली गौर आणि वाटसरूसाठी भरलेला रांजण ही एकाच महिन्याची दोन कर्तव्ये. हळदीकुंकवाच्या बैठकीत ती एकत्र आली आणि पाण्याच्या जागी पन्हे आले.

पेशवाईत पुण्यातल्या वाड्यांमध्ये या समारंभाला थाट चढला. गौरीपुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास, फळे, फराळाची ताटे, अत्तरदाणी, गुलाबदाणी. सिन्नरचा पेशव्यांच्या घराण्याशी थेट संबंध आहे. शहराच्या दक्षिणेला असलेले डुबेरे हे बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी राधाबाई यांचे माहेर. तिथल्या बर्वे वाड्यात १८ ऑगस्ट १७०० रोजी थोरल्या बाजीरावांचा जन्म झाला. हा वाडा अजून उभा आहे.

डाळ आणि पन्हे हे दोनच पदार्थ चैत्रात का मानाचे ठरले, याचे उत्तर शेताच्या वेळापत्रकात आहे. हरभरा रब्बीचा. सिन्नरच्या काळ्या जमिनीत तो थंडीवर आणि दवावर येतो, माघ-फाल्गुनात निघतो आणि जात्यावर भरडला की चैत्रात नवी डाळ घरात असते. गुऱ्हाळे थंडीत चालतात, त्यामुळे गूळही नवा. कैरी नेमकी याच दिवसांत बाठ धरू लागते. इगतपुरी-त्र्यंबकच्या ओल्या पट्ट्यातले गावठी आंबे तेव्हा फळांनी लगडलेले असतात. म्हणजे तिन्ही जिनसा एकाच वेळी, स्वस्तात आणि ताज्या मिळतात. त्यातून डाळीला चूल लागते ती फोडणीपुरती. भर उन्हाळ्यात पन्नास बायकांचे करायचे असताना घरच्या बाईला चुलीपुढे बसावे लागत नाही, हे ज्या कोणी ठरवले तिला उन्हाळाही कळत होता आणि बाईचे कष्टही.

डाळ सकाळी भिजत घालायची. चार-पाच तासांत ती फुगते. मग पाणी पूर्ण निथळून घ्यायचे. पाट्यावर आधी हिरवी मिरची आणि मीठ रगडायचे, मग मूठमूठ डाळ घेऊन वरवंटा फिरवायचा. इथे हात आवरावा लागतो. डाळ गंध झाली तर तिची चटणी होते, अख्खी राहिली तर घशात अडकते. बोटांना रवाळ लागली की थांबायचे. त्यात किसलेली कैरी, चवीपुरती साखर, ओले खोबरे, कोथिंबीर. वरून मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी, पण ती गार झाल्यावर. गरम फोडणी ओतली तर कैरीला पाणी सुटते. खाताना डाळ थोडी कचकचीत आणि कैरी करकरीत लागली पाहिजे. मिक्सरमध्ये ती साधत नाही असे नाही, पण एक झटका जास्त झाला की सगळे बिघडते.

यातली हिरवी मिरची पाहुणी आहे. ती पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात अमेरिकेहून भारतात आणली. त्याआधी तिखटपणासाठी मिरे आणि आले होते. तेव्हा आजच्या चवीची आंब्याची डाळ यादवांच्या सिन्नरात कोणी खाल्ली असणे शक्य नाही. हरभरा, कैरी, हिंग, मोहरी जुनी; मिरची मिसळल्यावर झालेला पदार्थ त्या मानाने अलीकडचा.

पन्ह्याची कृती त्याहून जुनी आणि साधी. कैऱ्या उकडायच्या किंवा चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायच्या. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा हलका वास राहतो आणि जुनी माणसे तेच पसंत करतात. साल काढून गर हाताने कुस्करायचा, बाठा चोळून घ्यायचा, गराच्या दुप्पट गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. हा घट्ट गर बरणीत भरून ठेवला की ऐनवेळी माठातले पाणी घालून किती का पाहुणे येईनात. घामावाटे पाणी आणि मीठ जाते. पन्ह्यात मीठ, गूळ आणि पाणी तिन्ही असल्यामुळे उन्हातून आलेल्याला लगेच हुशारी वाटते.

हा सगळा थाट दीर्घकाळ ब्राह्मण आणि सुखवस्तू घरांपुरता होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाजरी पिकवणाऱ्या, पाटाच्या पाण्यावर आणि विहिरीवर राबणाऱ्या कुटुंबांचा उन्हाळा ताकावर, आंबलीवर आणि सातूच्या पिठावर निघे. सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवले की न्याहारीही झाली आणि पेयही. त्यांच्या घरच्या गोतावळ्याचा सण म्हणजे आखिती. खानदेशाच्या बाजूला तिलाच आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात.

उन्हाळ्यात बायका जमण्याचा आणखी एक प्रसंग सगळ्या जातींच्या घरांत होता आणि त्याला समारंभाचे नाव नव्हते. तो म्हणजे वाळवण. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, अशा पाळीने कुरडया, पापड, शेवया होत. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे चुलीवर शिजायला लागला की पोरे वाट्या घेऊन भोवती बसत. गरम चिकावर साखर नाहीतर तेल-तिखट. पापड लाटताना पिठाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाणे हा तर पोरांचा हक्कच. खाऊ म्हणून वेगळे काही करावे लागत नसे. कामातूनच तो निघे. विसाव्या शतकात सिन्नरमध्ये विडीचा धंदा वाढला आणि अनेक घरांत बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळू लागल्या. मजुरी हजारी हिशेबाने. बसलेला हात थांबला की पैसे थांबले. त्यामुळे शेजारणीची वाळवणे पहाटे आणि हळदीकुंकू दिवेलागणीला, असेच व्हायचे.

पदार्थ बदलले ते गूळ मागे पडून साखर आल्यावर. धरणांचे आणि कालव्यांचे पाणी विसाव्या शतकात निफाड-कोपरगावच्या पट्ट्यात फिरले, ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. पांढरे स्वच्छ दिसते म्हणून पन्ह्यात साखर पडू लागली आणि तपकिरी पन्हे पोपटी झाले. चव मात्र उणावली. गुळाचा खमंगपणा साखरेला नाही. कृती लिहून ठेवण्याची सोयही दरम्यान झाली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. वाटी-चमच्याच्या मापामुळे सासूपासून दूर, नोकरीच्या गावी संसार मांडलेल्या सुनेलाही घरची चव आणता आली. सिन्नरला अशा पुस्तकाची गरज लवकरच पडली. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी यांच्यामुळे राज्याच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबे आली आणि सोसायटीच्या जिन्यात विदर्भ, मराठवाडा, खानदेश शेजारी झाले. फ्रिज आल्यावर माठ कोपऱ्यात गेला. १९८० च्या दशकात रसनाच्या पाकिटाने पोरांची मने जिंकली आणि काही वर्षे पन्हे हे आजीचे पेय ठरले. ते परत आले आहे. बचत गटाच्या बायका पन्ह्याचा गर आणि कुरडया विकतात, त्यांना गिऱ्हाईक आहे.

या रीतीत एक काटा पहिल्यापासून होता. पन्हे कोणालाही देता येते, पण कुंकू फक्त सवाष्णीला. नवरा गेलेली शेजारीण, जिने सकाळी डाळ वाटायला हात लावला, ती संध्याकाळी आतल्या खोलीत राही. हा अन्याय होता आणि तो प्रथेच्या नावाखाली खपून गेला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. आता सगळ्या बायकांना एका रांगेत बसवून हळदीकुंकू करणाऱ्या घरांची आणि मंडळांची संख्या वाढते आहे.

आखितीला गौर झोपाळ्यातून उतरते. त्याच दिवशी पितरांच्या नावाने मातीची नवी घागर भरून पुजतात, वर आंबा ठेवतात, आणि अनेक घरांत त्या दिवसापर्यंत पिकला आंबा तोंडात घालत नाहीत. कैरीचा हंगाम तिथे संपतो, आमरसाचा सुरू होतो. पुजलेली घागर दुसऱ्या दिवसापासून घरात पिण्याच्या पाण्याला लागते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत भरलेली असते.