पुंस्त्वाचे माप : नर कुक्कुटाच्या संप्रेरकविज्ञानाचा इतिहास आणि पैठण परिसरातील परसातील कुक्कुटपालन

प्रस्तावना

महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने राबविलेल्या योजनांमध्ये ‘तलंगा गट वाटप’ या योजनेचा समावेश होतो. आठ ते दहा आठवडे वयाच्या 25 माद्या आणि 3 नर असा एक गट लाभार्थी कुटुंबास निम्म्या अनुदानावर देण्याची ही कल्पना आहे. या गटातील 25 हा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. अंडी किती मिळतील, मिळकत किती होईल, याचा सारा हिशोब त्यावरच मांडला जातो. तीन या आकड्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाहता पुढची पिढी परसातच जन्मावी अशी अपेक्षा असेल, तर तिचा निम्मा वारसा या तीन पक्ष्यांकडूनच यावयाचा असतो.

नर कुक्कुटाकडे झालेले हे दुर्लक्ष अधिकच आश्चर्यकारक वाटते, कारण संप्रेरकविज्ञान ही आधुनिक शास्त्रशाखा ज्या प्राण्याच्या शरीरावर उभी राहिली, त्यात कोंबड्याचे स्थान अग्रभागी आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाचा मागोवा घेऊन गोदाकाठच्या परसातील नराच्या प्रजननआरोग्याचा विचार करण्यात आला आहे.

प्राचीन काळातील ज्ञान आणि गैरसमज

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड मोठ्या प्रमाणात बंदराकडे जात, असे हा ग्रंथ सांगतो. सातवाहनांच्या प्रतिष्ठाननगरीचा माल ज्या रोमन जगात पोहोचत होता, त्याच जगात त्याच शतकात कोलुमेला हा कृषिलेखक कोंबड्याच्या खच्चीकरणाविषयी लिहीत होता. त्याच्या मते कोंबड्याच्या पायावरील आरी तापलेल्या लोखंडाने डागली की त्याचे पुंस्त्व जाते. वृषणे काढण्याची गरज नाही. हे अर्थातच चुकीचे होते. त्यापूर्वी चार शतके ॲरिस्टॉटलने पक्ष्याच्या मागील भागाजवळ डाग देण्याची रीत नोंदवून ठेवली होती आणि परिणामही अचूक टिपला होता : पूर्ण वाढलेल्या कोंबड्याचा तुरा फिका पडतो, तो आरवणे सोडतो आणि मादीकडे फिरकत नाही. वृषण आणि तुरा यांचा संबंध माणसाने पाहिला होता. तो कशामुळे आहे, हे समजण्यास मात्र आणखी दोन हजार वर्षे लागली.

भारतीय परंपरेत कोंबड्याकडे वेगळ्या अंगाने पाहिले गेले. स्मृतिग्रंथांनी गावकोंबडा अभक्ष्य ठरविला, तर चरकसंहितेच्या वाजीकरण प्रकरणात तोच पक्षी चिमणी, हंस, मोर यांच्या जोडीने पौरुषवर्धक द्रव्यांमध्ये येऊन बसतो. कामसूत्रातील चौसष्ट कलांत कोंबड्यांच्या झुंजीचा समावेश आहे आणि कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त कुक्कुटविनोदाला स्वतंत्र स्थान दिले आहे. म्हणजे धर्मशास्त्राने दूर लोटलेला हा पक्षी वैद्याच्या औषधांत आणि राजाच्या रंजनात राहिला. त्याच्या अंगातील आवेश सर्वांना हवा होता.

बर्थोल्डचा प्रयोग

या आवेशाच्या मुळाशी कोणता शरीरव्यापार आहे, याचे पहिले प्रायोगिक उत्तर जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे मिळाले. आर्नोल्ड ॲडॉल्फ बर्थोल्ड या शरीरशास्त्रज्ञाने 1848 च्या उन्हाळ्यात सहा तरुण कोंबडे घेतले. दोघांची दोन्ही वृषणे काढून टाकली. त्यांचे तुरे वाढले नाहीत, आवाज फुटला नाही आणि झुंजण्याची वृत्तीही गेली. उरलेल्या चौघांच्या बाबतीत त्याने एक वृषण मूळ जागेपासून सोडवून उदरपोकळीतच राहू दिले किंवा दुसऱ्या कोंबड्याचे वृषण त्यांच्या आतड्याजवळ बसविले. हे चौघेही नेहमीच्या नरांप्रमाणे वाढले, आरवले आणि एकमेकांवर धावून गेले.

पुढे शवविच्छेदन केल्यावर असे दिसले की, स्थलांतरित वृषणांना नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या; जुन्या चेतातंतूंशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. म्हणजे वृषणाचा शरीरावरील प्रभाव रक्तामार्फत होतो, चेतातंतूंमार्फत नव्हे. 1849 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निबंध अवघ्या चार पानांचा होता आणि त्याच्याकडे जवळजवळ अर्धशतक कोणी लक्ष दिले नाही. ‘हॉर्मोन’ हा शब्दच 1905 मध्ये स्टार्लिंगने रूढ केला.

यानंतर मात्र कोंबड्याचा तुरा हे मोजण्याचे साधन बनले. फ्रान्समध्ये पेझार्डने 1911 मध्ये वृषणाचा अर्क टोचून खच्ची केलेल्या पक्ष्याचा तुरा पुन्हा वाढविला. शिकागो येथे फ्रेड कॉख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस हीच पद्धत काटेकोर मापनाची केली : अर्क टोचावा, ठरावीक दिवसांनी तुऱ्याची लांबी-रुंदी मोजावी आणि त्यावरून अर्कातील संप्रेरकाचे बळ ठरवावे. 1931 मध्ये बुटेनान्टने मानवी मूत्रातून ॲन्ड्रोस्टेरॉन वेगळे केले. 1935 मध्ये ॲमस्टरडॅम येथे लाकर यांच्या गटाने बैलाच्या वृषणांतून मिळविलेल्या द्रव्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. या दोघांना 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. या वाटचालीत प्रत्येक टप्प्यावर निर्णय दिला तो खच्ची केलेल्या कोंबड्याच्या डोक्यावरील मांसल पट्टीने.

संप्रेरकांचा प्रत्यक्ष वापर आणि त्याविषयीचा समज

ब्रॉयलर कोंबडीला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन फुगविले जाते, ती खाल्ल्याने मुली लवकर वयात येतात, असा समज मराठी घरांत दृढ आहे. या समजाचा इतिहास तपासण्याजोगा आहे, कारण तो सर्वस्वी निराधार नाही. अमेरिकेत 1940 च्या दशकात डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्री-संप्रेरकाची गोळी तरुण नराच्या मानेच्या कातडीखाली बसविण्याची पद्धत निघाली. शस्त्रक्रियेविना खच्चीकरण होऊन पक्षी चरबीयुक्त व मऊ मांसाचा बनत असे. 1947 मध्ये तिला मान्यता मिळाली. कोंबड्यांची डोकी व माना खाऊ घातलेल्या मिंक प्राण्यांमध्ये वंध्यत्व येत असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. मांसात अवशेष राहतात, असे आढळले आणि 1959 मध्ये कुक्कुटपालनातील हा वापर थांबविण्यात आला.

भारतातील आधुनिक ब्रॉयलर उद्योग यानंतरचा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे पुणे हे केंद्र झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाच्या वाढीबरोबर तो महाराष्ट्रात फोफावला. त्याच्या वेगवान वाढीचे कारण निवड-पैदास आणि खाद्य हे आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 या वर्षांतील वाण एकसारख्या खाद्यावर वाढविले, तेव्हा 56 व्या दिवशी त्यांची वजने अनुक्रमे 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम भरली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील तफावत केवळ अनुवंशाची होती. शिवाय वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्याने खाद्यातून दिल्यास ते पचून जाते आणि हजारो पक्ष्यांना वारंवार टोचणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही. ग्राहकाने खरी चौकशी करावयाची तर ती प्रतिजैविकांची करावी. कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुखाद्यातील वापरावर केंद्र सरकारला 2019 मध्ये बंदी घालावी लागली, याची चर्चा संप्रेरकांच्या अफवेइतकी कधीच झाली नाही.

वेगवान वाढीची किंमत नराच्या प्रजननक्षमतेने मात्र मोजली. छातीच्या मांसासाठी निवडलेले पैदाशीचे नर मोकळे खाऊ दिल्यास इतके जड होतात की समागमच साधत नाही. त्यामुळे पैदास केंद्रांत त्यांना माद्यांपासून वेगळे आणि मोजके खाद्य द्यावे लागते.

गोदाकाठचा नर : प्रकाश आणि उष्णता

कोंबड्याची वृषणे सस्तन प्राण्यांप्रमाणे शरीराबाहेर नसून पोटात, मूत्रपिंडाजवळ असतात आणि सुमारे 41 अंश सेल्सिअस तापमानातही शुक्रपेशी तयार करतात. त्यांना चालना देणारा मुख्य घटक प्रकाश आहे. दिवस मोठा झाला की मेंदूतील अधश्चेतकाकडून पियूषिका ग्रंथीस संदेश जातो, तिच्या स्रावांनी वृषणे वाढतात, टेस्टोस्टेरॉन स्रवते आणि तुरा लालबुंद होतो. हा प्रकाश केवळ डोळ्यांतून पोहोचत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ बेन्वा याने 1930 च्या दशकात बदकांवर दाखवून दिले की, पक्ष्याच्या कवटीतून शिरणारा उजेडही मेंदू ओळखतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे खरेच. परंतु दिवसभर अंधाऱ्या डालग्याखाली राहिलेल्या कोंबड्याच्या वृषणांना त्या तांबड्याचा लाभ मिळत नाही.

पैठण साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास असल्याने तेथील दिवस सुमारे 11 तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंत वाढतो. म्हणजे प्रकाश चैत्र-वैशाखात नरास अनुकूल होऊ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेच्या ताणाने पक्षी खाणे कमी करतो, धापा टाकतो आणि त्याच्या वीर्याची प्रत घसरते. उन्हाळ्यात खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी वाया गेली की दोष कोंबडीला किंवा उन्हाला दिला जातो. कोंबड्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. माणसांच्या घरांतही अपत्यहीनतेचा दोष बहुधा स्त्रीच्याच पदरात टाकला जातो, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

याखेरीज बाजाराचा एक परिणाम आहे. आखाडात, जत्रेला, नवसाला गिऱ्हाईक येते तेव्हा ते सर्वांत मोठा, लाल तुऱ्याचा कोंबडा निवडते. कॉखच्या प्रयोगशाळेत जी खूण टेस्टोस्टेरॉनचे माप होती, तीच खूण परसात विक्रीची चिठ्ठी ठरते. उत्तम नर आधी जातो आणि पैदाशीला उरतो तो फिक्या तुऱ्याचा, न विकला गेलेला. तीन नरांपैकी एक जरी असा वेळेआधी गेला, तरी उरलेल्या दोघांवर प्रत्येकी बारा-तेरा माद्यांचा भार पडतो. विकावयाचाच असेल, तर नव्या नराची सोय झाल्यावर विकणे शहाणपणाचे ठरते.

गोठित वीर्याचा इतिहासही या पक्ष्यापासूनच सुरू होतो. लंडन येथे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी 1949 मध्ये ग्लिसरॉलचा संरक्षक गुण शोधला तो कोंबड्याच्या वीर्यावर. त्या शोधाच्या वाटेने बैलाचे वीर्य गोठवता आले, आणि मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’सारख्या संस्थांनी संकरित गाई खेड्यापाड्यांत पोहोचविल्या. कोंबडीच्या बाबतीत मात्र ग्लिसरॉलच फलनास अडथळा आणते. त्यामुळे गाईसाठी गोठित वीर्याची कांडी दारात येते, कोंबडीसाठी जिवंत नरच लागतो.

त्या नराची परीक्षा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अंडी उबवणीला ठेवल्यापासून सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याच्या भोकामागे दिवा धरून प्रत्येक अंडे त्यासमोर फिरवावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रक्तवाहिन्या दिसल्या तर अंडे फलित आहे. अंडे आरपार स्वच्छ दिसले तर फलन बहुधा झालेलेच नाही. दहांपैकी चार-पाच अंडी अशी स्वच्छ निघू लागली, तर कोंबडी बदलण्यापूर्वी कोंबडा बदलून पाहावा.