बॅटरसीच्या चिमण्या आणि थेम्सखालची ऊब

लंडन न पाहिलेल्यांनाही बॅटरसी वीजकेंद्राच्या चार पांढऱ्या चिमण्या ओळखीच्या असतात. ‘पिंक फ्लॉइड’च्या १९७७ सालच्या ‘अ‍ॅनिमल्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर याच चिमण्यांमधून एक फुगवलेले डुक्कर तरंगताना दिसते. या वास्तूच्या इतिहासाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग मात्र नजरेला पडत नाही. तो थेम्सच्या पात्राखालून गेलेल्या नळांत आहे.

१९२९ साली बांधकाम सुरू झाले ते वादातच. शहराच्या इतक्या जवळ कोळसा जाळला, तर धुरातील गंधकाने इमारती झिजतील, पलीकडच्या काठावरील टेट कलादालनातील चित्रे खराब होतील, अशी भीती व्यक्त झाली. त्यावर दोन उपाय योजले गेले. धूर नदीच्या पाण्याने धुऊन मगच बाहेर सोडायचा, आणि इमारतीला देखणे रूप द्यायचे. हे दुसरे काम लंडनच्या लाल टेलिफोन-पेटीचे रचनाकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे आले. केंद्राचा पहिला अर्धा भाग १९३५ मध्ये पुरा झाला. चौथी चिमणी उभी राहायला १९५५ साल उजाडले.

अशा केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा तिसरा हिस्साही विजेत उतरत नसे. चक्र फिरवून झालेली वाफ पुन्हा थंड करावी लागे, आणि तिची ऊब नदीत वाहून जाई. महायुद्धानंतर नदीपलीकडील पिम्लिको भागात चर्चिल गार्डन्स ही नगरपालिकेची वसाहत उभी राहू लागली, तेव्हा वाया जाणारी ही ऊब घरांना देण्याचे ठरले. पॉवेल आणि मोया हे तिचे तरुण वास्तुरचनाकार. १९५० पासून बॅटरसीचे गरम पाणी नदीखालून पिम्लिकोत येऊ लागले. ते साठवण्यासाठी उभारलेला काचेचा उंच मनोरा आजही तेथे आहे.

या योजनेचे मोल दोनच वर्षांत अधिक स्पष्ट झाले. डिसेंबर १९५२ मध्ये धूर आणि धुके यांनी लंडनला पाच दिवस वेढले. हजारो माणसे दगावली. तो धूर वीजकेंद्रांचा होता, तसाच घरोघरच्या शेगड्यांचाही होता. नळाने ऊब मिळणाऱ्या घराला कोळशाची शेगडी पेटवण्याचे कारण उरत नव्हते. ज्या भट्टीची शहराला धास्ती वाटत होती, तिनेच काही घरांच्या चुली धुरापासून मुक्त केल्या होत्या. अर्थात भट्टीचा स्वतःचा धूर यामुळे निर्दोष ठरत नाही.

१९८३ साली केंद्र बंद पडले. पुढे छप्पर काढलेली ती वास्तू कित्येक वर्षे पडून राहिली. जीर्ण चिमण्या उतरवून हुबेहूब नव्याने बांधल्या गेल्या, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दुकाने, कचेऱ्या, महागडी घरे यांसह ती लोकांसाठी खुली झाली. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिलेले पाहणाऱ्या मुंबईकराला हे रूपांतर अपरिचित वाटणार नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर येथील केंद्र थांबले आणि ब्रिटनमधील कोळशाच्या विजेचे युगच संपले.

पिम्लिकोतील योजना मात्र केंद्रामागेही टिकली. तेथेच बसवलेले बॉयलर आज पाणी तापवतात, आणि घरे उबदार राहतात. वारसा म्हणून आपण बहुधा आकार जपतो. त्या आकाराने माणसांशी जोडलेले नाते विसरतो. बॅटरसीच्या चिमण्या आता कोळशाचा धूर सोडत नाहीत. थेम्सपलीकडच्या नळांतील ऊब मात्र अजून कामाला येते आहे. औद्योगिक इतिहास लिहिताना तिचीही नोंद व्हायला हवी.