छावणीचा जमाखर्च

नेमणुकीच्या गावी छावणी परिषदेच्या अंदाजपत्रकाच्या सभांना मी बसलो आहे. स्टेशन कमांडर पदसिद्ध अध्यक्ष. १९२४ च्या कायद्यात तसंच, २००६ च्यातही तसंच.

मूळ अडचण राज्यघटनेतली. कलम २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेला घरपट्टी नाही, आणि छावणीत बहुतेक जमीन केंद्राचीच! बदल्यात सेवाशुल्क, तेही थकतं. पुण्यात जकातीचा आधार होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, ते दार बंद झालं. मग आधी पगार-पेन्शन, नंतर पाणी, दवाखाना, रस्ते उरल्यासुरल्यावर. देणेकरी खुद्द सरकार, जप्ती कोण नेणार?

२०२३ मध्ये हिमाचलातली खास योल छावणी रद्द झाली. इतरांचेही नागरी भाग पालिकांना जोडायचं चाललंय. थकलेलं सेवाशुल्क मग कुणी वसूल करायचं?