वर्गात राहून पुढे जाता येतं का? प्राथमिक शिक्षकाच्या शिडीचा इतिहास



आज जरा रुक्ष वाटेल असा विषय घेतला आहे. प्राथमिक शाळेत काम करणाऱ्या माणसाची बढती. सेवाज्येष्ठता, वेतनश्रेणी, शासननिर्णय हे शब्द नुसते उच्चारले तरी लोकांना जांभई येते. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं यात कशाला पडावं, असंही काहींच्या मनात येईल. तर त्याचं कारण आधी सांगतो.

साधारण १९९० सालची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी भेटायला गेलो तर तिनं पेढे पुढे केले आणि म्हणाली, "घे, मला चटोपाध्याय लागली." माझ्या डोळ्यांपुढे एकदम 'लोकायत' लिहिणारे देवीप्रसाद चटोपाध्याय उभे राहिले. म्हटलं, अक्का चार्वाक कधीपासून वाचायला लागली? ती हसून म्हणाली, "अरे, वरिष्ठ श्रेणी! पगार वाढला माझा."

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की हे डी. पी. चटोपाध्याय वेगळे. नाव तेच, देवीप्रसाद. पण गंमत अशी की हेही तत्त्वज्ञच. जादवपूर विद्यापीठात प्राध्यापक होते, पुढे केंद्रात वाणिज्यमंत्री झाले, भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषदेचे संस्थापक अध्यक्ष झाले. १९८३ साली केंद्र सरकारनं शिक्षकांसाठी दोन राष्ट्रीय आयोग नेमले. त्यातल्या शालेय शिक्षकांच्या आयोगाचे ते अध्यक्ष. आमच्या विषयातल्या माणसाचं नाव महाराष्ट्रातल्या गावोगावच्या गुरुजींच्या तोंडी बसलं, ते एक वेतनश्रेणी म्हणून. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

माझा प्रश्न साधा आहे. एखादा शिक्षक उत्तम शिकवतो, म्हणून त्याला बढती द्यायची. बढती म्हणजे काय? तर त्याला वर्गातून उठवायचं आणि कचेरीत बसवायचं. म्हणजे ज्या गुणासाठी बक्षीस दिलं, तो गुण वापरायची जागाच काढून घ्यायची. मग चांगलं शिकवणारा माणूस वर्गातच राहावा आणि तरीही त्याचं आयुष्य पुढे सरकावं, अशी सोय आपल्याकडे कधी कुणी केली का? हे शोधायला थोडं मागे जाऊ.

इंग्रजी अमलाआधी गावात पंतोजी असे. त्याच्या वर कुणी नाही, खाली कुणी नाही. पालक धान्य देत, थोडे पैसे देत. शिडीच नव्हती, त्यामुळे चढण्याचा प्रश्न नव्हता. शिडी आली ती सरकारी खातं आलं तेव्हा. १८२६ मध्ये मुंबईत शिकवून तयार केलेले २४ शिक्षक मराठी आणि गुजराती मुलखांत पाठवले गेले. त्यांची नेमणूक झाली, पगार ठरला, वर देखरेख करणारा आला. आपल्याकडचा 'नोकरदार शिक्षक' इथे जन्मला.

आणि लगेच पुढे काय होतं बघा. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे आपल्या मराठी व्याकरणाचे आद्य शिल्पकार. १८३६ चं त्यांचं व्याकरण प्रसिद्धच आहे. ते शिक्षक होते, बाळशास्त्री जांभेकरांच्या मृत्यूनंतर मुंबईच्या नॉर्मल क्लासचे, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या वर्गाचे, प्रमुख झाले. आणि १८५२ मध्ये? डेप्युटी कलेक्टर. त्यांनी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. कर्तबगार माणसाला खात्यानं दाखवलेली वाटच ती होती, आणि ती वाट शिक्षणाच्या बाहेर जात होती.

या गोष्टीवर पहिलं नेमकं बोट ठेवलं ते महात्मा फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आपण लक्षात ठेवतो. पण त्यात शिक्षकाच्या पगाराचा हिशेबही आहे. प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये मिळावेत, मोठ्या गावात १५ किंवा २० मिळावेत, असं ते सांगतात. ज्याची मुलं जास्त उत्तीर्ण होतील त्याला पगाराव्यतिरिक्त भत्ता द्या म्हणतात. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची सूचना. गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं शिक्षकाकडे द्या, म्हणजे गावात त्याचा मान वाढेल. आज शिक्षकांवरच्या अशैक्षणिक कामांबद्दल आपण तक्रार करतो, त्यामुळे ही सूचना विचित्र वाटेल. पण फुल्यांचा रोख लक्षात घ्या. शिक्षक गावातच राहिला पाहिजे, शाळेतच राहिला पाहिजे, आणि तिथे राहून त्याची पत वाढली पाहिजे. त्याला डेप्युटी कलेक्टर करा, असं ते म्हणत नाहीत.

आता माझ्या घरातलं उदाहरण देतो. माझे वडील १९४१ साली व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि स्कूल बोर्डाच्या शाळेत लागले. १९२३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यातल्या प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात गेल्या होत्या. सातवी पास झालेला पोरगा मास्तर, आणि तोही 'अनट्रेंड'. त्याची शिडी कशी होती? काही वर्षांनी ट्रेनिंगला नंबर लागायचा. एक वर्षाचं ट्रेनिंग झालं की पगार थोडा वर, आणखी एक वर्ष झालं की आणखी वर. ट्रेनिंगहून परतलेला मास्तर पुन्हा त्याच फळ्यापुढे उभा राहायचा, फक्त जास्त शिकून. तुटपुंजे पगार, दिपोटींची तपासणी, बदल्यांचा त्रास, हे सगळं होतंच. त्या काळाचं मला गोडवं गायचं नाही. पण पुढची पायरी माणसाच्या स्वतःच्या शिकण्याला बांधलेली होती, आणि ती चढण्यासाठी वर्ग सोडावा लागत नव्हता, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. 'झेडपीचे गुरुजी' हा शब्द तेव्हाचा. शिक्षण वाड्यावस्त्यांपर्यंत गेलं ते यातूनच. पण बढतीच्या दृष्टीनं एक मोठी गोष्ट झाली. शिक्षकाची नोकरी जिल्ह्याची झाली आणि सेवाज्येष्ठतेची यादीही जिल्ह्याची झाली. उपशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग विस्तार अधिकारी. जो आधी लागला तो आधी वर जाणार. यात वशिल्याला थोडा आळा बसतो, हे खरं. पण ही यादी कुणाला मागे टाकते, हे अक्काच्या उदाहरणावरून सांगतो.

अक्का १९६६ ला आमच्या जिल्ह्यात लागली. १९७१ मध्ये तिचं लग्न झालं, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. आंतरजिल्हा बदली मागितली, मिळाली. अट एकच. नव्या जिल्ह्याच्या यादीत सर्वांत खाली नाव. पगारासाठी जुनी सेवा धरली गेली, ज्येष्ठतेसाठी नाही. पाच वर्षं तिनं शिकवलं होतं, पण यादीच्या लेखी ती त्या दिवशी नोकरीला लागली. तिच्यानंतर लागलेली माणसं तिच्या आधी मुख्याध्यापक झाली. लग्न करून सासरी जाणारी कोण असते, हे मी सांगायला नको. नियमात 'स्त्री' हा शब्द कुठेही नव्हता, तरी त्याचा भार मुख्यतः बायकांवर पडला. हा नियम अजूनही बदललेला नाही.

अशा वेळी ते चटोपाध्याय आले. आयोगाचा अहवाल १९८५ चा. त्यानंतर शिक्षकांसाठी तीन टप्प्यांची वेतनरचना आली आणि महाराष्ट्रात ती १ जानेवारी १९८६ पासून लागू झाली. सुरुवातीची श्रेणी, १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी. पद तेच, वर्ग तोच, श्रेणी वरची. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर 'पद' आणि 'प्रत' या दोन गोष्टी इथे वेगळ्या केल्या गेल्या. माणसाची प्रत वाढली हे मान्य करण्यासाठी त्याचं पद बदललंच पाहिजे असं नाही. जिल्ह्याची ज्येष्ठता गमावलेल्या अक्काला हिनंच न्याय दिला, कारण ती यादी बघत नव्हती, शिकवलेली वर्षं बघत होती. पेढे त्याचे होते.

पण अंमलबजावणीत काय झालं? वरिष्ठ श्रेणी सरसकट, पण निवडश्रेणी फक्त २० टक्क्यांना. निवड म्हणजे गुणावर निवड, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात शंभरातले वीस निवडायचे कसे, तर पुन्हा ज्येष्ठतेनं. वर प्रशिक्षणाची अट आली, आणि ते प्रशिक्षण वेळेवर होत नाही म्हणून लोक थांबून राहतात. शिकण्याची पायरी होती ती रांग झाली. अक्काला निवडश्रेणी मिळाली नाही. २००३ मध्ये ती उपशिक्षिका म्हणूनच निवृत्त झाली.

त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत आपण पायऱ्या वाढवल्या, पण कुठल्या? १९९४ मध्ये केंद्रप्रमुख हे पद निर्माण झालं. साधारण दहा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, जो इतर शिक्षकांना शिकवण्यात मदत करील. कल्पना फार चांगली. पण आज कुठल्याही केंद्रप्रमुखाला विचारा, दिवस कशात जातो. माहिती गोळा करण्यात आणि पुढे पाठवण्यात. शिवाय कित्येक जागा रिकाम्या असतात, मग एकेकाकडे दोन-दोन केंद्रं.

२००० साली तर शिडीच्या खालीच एक खड्डा खणला. शिक्षणसेवक. तीन वर्षं, महिना ३,००० रुपये. डी.एड. झालेला, पूर्ण वेळ शिकवणारा माणूस, पण त्याला शिक्षक म्हणायचं नाही. हे मानधन जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं, पण व्यवस्था तीच.

मग शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून. मुलांसाठी तो मोठाच कायदा. पण त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर असेल तर. सहावी ते आठवीला १०० च्या वर. आपल्या खेड्यातल्या, डोंगरातल्या शाळांचा पट किती? वीस, तीस, चाळीस. म्हणजे तिथे मुख्याध्यापकाचं पदच नाही. काम मात्र आहे. पोषण आहाराचा हिशेब, बँक, शाळा व्यवस्थापन समिती, ऑनलाइन नोंदी. ते करणाऱ्याला आपण 'प्रभारी' म्हणतो. जबाबदारी वाढली, पद नाही, आणि वर्गही त्यालाच घ्यायचा. या शाळांना ना शिपाई, ना कारकून. शिक्षकाची पुढची पायरी आता त्याच्या शिकवण्यावर नाही, गावातल्या जन्मदरावर आणि शेजारी निघालेल्या इंग्रजी शाळेवर ठरते.

आणि अगदी अलीकडचं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल निकाल दिला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. ज्यांची त्याहून कमी उरली आहे त्यांना तशीच सेवा पूर्ण करता येईल, पण बढती हवी असेल तर परीक्षा द्यावी लागेल. पन्नाशीतले गुरुजी आज गाइडं घेऊन बसले आहेत. शिक्षकानं शिकत राहावं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझे वडील तेच करत होते. पण वडिलांना ट्रेनिंग खात्यानं दिलं होतं आणि मग पगार वाढवला होता. इथे परीक्षा आहे, शिकण्याची सोय ज्यानं त्यानं बघायची. हा फरक आहे, आणि त्यावर बोललं पाहिजे.

जाता जाता आणखी एका व्यक्तीचं नाव घेतो, म्हणजे नाव नाहीच तिला या कागदांत. शाळेत खिचडी शिजवणारी ताई. तिला वेतन नाही, मानधन आहे. पंधरा वर्षं शिजवलं तरी पहिल्या दिवशी होती तिथेच. पटावरचं प्रत्येक मूल तिला नावानं ओळखते. शाळेत काम करणाऱ्यांच्या प्रगतीबद्दल बोलताना तिला एकही पायरी नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

तर सारांश काय? दोनशे वर्षांत आपण शिडी बरीच लांब केली, पण तिच्या बहुतेक पायऱ्या वर्गाबाहेर जातात. वर्गात राहून पुढे नेणाऱ्या सोयी मला दोनच सापडल्या: जुन्या ट्रेनिंगची श्रेणी आणि चटोपाध्याय. पहिली काळाबरोबर गेली, दुसरी टक्केवारीत अडकली. मला नवी योजना सुचवायची नाही. निवडश्रेणीची २० टक्क्यांची मर्यादा काढा, तिचं प्रशिक्षण वेळेवर द्या, आणि जिल्हा बदलला म्हणून शिकवलेली वर्षं पुसू नका. एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

अक्का आता ऐंशीच्या घरात आहे. हे व्याख्यान तयार करताना तिला फोन केला आणि विचारलं, मुख्याध्यापक झाली असतीस तर बरं वाटलं असतं का? ती म्हणाली, "पगार वाढला असता तर बरं वाटलं असतं. पहिलीचा वर्ग मात्र मी सोडला नसता."

प्रश्न असतील तर घेऊ.